आपले देव आपण बदलणारी माणसं

आफ्रिकी कादंबरीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. गोरा आला आणि सगळ्याची माती झाली, हे एक. दोन संस्कृतींचा संघर्ष झाला, हे दुसरं. दोन्हींवर परीक्षेत बरे मार्क मिळतात आणि दोन्हींमुळे कादंबरी वाचायची राहून जाते. वोले सोयिंका यांना या दुसऱ्या वाक्याचा इतका वैताग होता, की 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' (१९७५) या नाटकाच्या छापील प्रतीत सुरुवातीलाच त्यांनी बजावून ठेवलं, माझ्या नाटकावर संस्कृतिसंघर्षाचा शिक्का मारू नका. ज्यांना मारायचा होता त्यांनी तो मारलाच.

या पुस्तकातल्या लेखांत ज्या कादंबऱ्यांची चर्चा आहे त्या मुख्यतः नायजेरिया, केनिया, सेनेगल आणि झिम्बाब्वे इथल्या आहेत. खंड केवढा, भाषा किती, आणि आपण बोलणार चार देशांवरून. तेव्हा 'आफ्रिकी मूल्यं' हा शब्दप्रयोग जपूनच वापरलेला बरा. नायजेरियातला इग्बो शेतकरी, केनियातला गिकुयु शेतकरी आणि सेनेगलमधला कुराणाचा गुरुजी यांना एका पोत्यात भरण्याचं काम वसाहतवाल्यांनी पुरेसं केलेलं आहे. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपातल्या सत्तांनी या खंडाच्या वाटणीचे नियम ठरवले, तेव्हा त्या टेबलाशी एकही आफ्रिकी माणूस नव्हता. पुढच्या तीसेक वर्षांत इथिओपिया आणि लायबेरिया सोडले तर जवळपास सगळा नकाशा रंगवून झाला. एवढा इतिहास पाठीशी असला की पुरे. कादंबऱ्या घडतात त्या एकेका अंगणात.

या अंगणांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली. वसाहतीने जुनी मूल्यं मोडली हे खरंच, पण मोठा घाव बसला तो जरा बाजूला. कुठल्याही जित्या समाजात रूढींवरून भांडण चालूच असतं. कोणी कुरकुरतो, कोणी गुपचूप मोडतो, म्हातारे आमच्या वेळी असं नव्हतं म्हणतात, आणि दोन पिढ्यांत रूढी वेगळीच होऊन बसते. हे भांडण आपलं आपण करायचं, आपल्या गतीने, आपल्या लोकांत, ही जी मुभा होती ती वसाहतीने काढून घेतली. त्यानंतर रूढी पाळणं म्हणजे स्वाभिमान आणि रूढी मोडणं म्हणजे गोऱ्याच्या गोटात जाणं, एवढेच दोन रस्ते उरले. चांगले आफ्रिकी कादंबरीकार या दोन रस्त्यांच्या मध्ये चिरडलेल्या माणसांबद्दल लिहितात.

चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'पासूनच (१९५८) बघा. ती कादंबरी सुवर्णकाळाचं स्मरण म्हणून वाचण्याची पद्धत आहे. पण पेरणीआधीच्या शांतीच्या आठवड्यातला प्रसंग घ्या. भूदेवी आनीचा हा आठवडा. त्यात शेजाऱ्याशी वाकडं बोलायचीही बंदी. ओकोंक्वो नेमका त्या दिवसांत बायकोला मारतो. त्याला दंड होतो तो एक बकरी, एक कोंबडी, थोडं कापड आणि शंभर कवड्या. इझेउदू नावाचा गावातला सगळ्यात म्हातारा माणूस त्यावर म्हणतो, की हल्ली शिक्षा फार सौम्य झाली आहे. त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं होतं, पूर्वी शांतता मोडणाऱ्याला गावभर जमिनीवरून मरेपर्यंत फरफटत नेत असत. मग ती शिक्षा बंद का झाली? जी शांतता राखायची तीच त्या फरफटीने मोडते, असं लोकांच्या लक्षात आलं म्हणून. हा बदल करायला ना कुठला पाद्री आला होता ना कलेक्टर. अचेबे ही गोष्ट दोन-चार ओळींत सांगून पुढे जातात आणि घाईत वाचणाऱ्याच्या हातून ती निसटते.

ओकोंक्वोचा मित्र ओबिएरिका मला नायकापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ओकोंक्वोच्या हातून चुकून एक पोरगा मरतो आणि त्याला सात वर्षं गाव सोडावं लागतं. रिवाजाप्रमाणे त्याचं घर जाळायला गेलेल्यांत ओबिएरिकाही असतो. ते काम उरकून तो आपल्या घरी येऊन बसतो आणि विचार करत राहतो, की नकळत घडलेल्या गुन्ह्याला एवढी शिक्षा कशाला? मग त्याला आपल्या बायकोची जुळी आठवतात. जुळी अशुभ म्हणून त्यानेच ती रानात टाकून दिली होती. त्यांनी काय गुन्हा केला होता? उत्तर त्याला सापडत नाही, पण प्रश्न पडलेला असतो, आणि तोही गावात मिशन उभं राहण्याआधी. अजून दहावीस वर्षं मिळाली असती तर ओबिएरिकासारख्यांनी हा रिवाज फरफटीच्या शिक्षेसारखाच मोडीत काढला असता का? अचेबे ते सांगत नाहीत. ती दहावीस वर्षं मिळाली नाहीत, एवढं मात्र नक्की.

मिशनरी आले तेव्हा गावाने त्यांना भुताखेतांचं रान दिलं. चार दिवसांत मरतील असा हिशोब होता. ते मेले नाहीत. मग त्यांच्याकडे आधी कोण गेलं? रानातल्या जुळ्यांच्या रडण्याने आणि घरातल्या भावासारख्या इकेमेफुनाच्या हत्येने आतून मोडलेला ओकोंक्वोचा मुलगा न्वोये गेला. आणि ओसू गेले. ओसू म्हणजे देवाला वाहिलेल्या माणसांचं कुळ. त्यांनी गावाच्या कडेला राहायचं, सभेला यायचं नाही, बाहेरच्यांशी लग्न करायचं नाही, आणि केसांना वस्तरा लावायचा नाही. ते जटा वाढवून चर्चमध्ये येतात तेव्हा नव्याने बाटलेले लोकच त्यांना बाहेर काढायला निघतात. कियागा नावाचा इग्बो धर्मोपदेशक मात्र ठाम राहतो आणि ओसूंना आधी त्या जटा उतरवायला लावतो. जिवावर उदार होऊन ते वस्तरा फिरवतात, आणि काहीही होत नाही.

हा प्रसंग मराठी वाचकाला समजावून सांगावा लागू नये. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. वेशीबाहेर ठेवलेल्याला परक्याचं दार आधी उघडं दिसलं, तर त्यात फितुरी शोधणाऱ्याने आधी वेस बघावी. अचेबे ती बघतात. ते स्वतः मिशनच्या धर्मोपदेशकाचा मुलगा. लहानपणी ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांकडे देवाला दाखवलेला नैवेद्य ते मजेत चापत असत, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या वडिलांना आजोळच्या ज्या वडीलधाऱ्या माणसाने वाढवलं, त्याने गावात आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांना आपल्या वाड्यात जागा दिली आणि थोड्याच दिवसांत बाहेर काढलं. भांडण देवावरून झालं नव्हतं. त्याचं म्हणणं, यांची गाणी इतकी रडकी, की शेजारच्यांना वाटायचं माझीच मयत झाली! अशा घरातून आलेला लेखक नुसता विलाप लिहील हे अवघडच होतं.

यापुढची खरी गंमत 'नो लाँगर ॲट ईझ' (१९६०) मध्ये आहे, आणि ती कादंबरी आपल्याकडे फारच कमी वाचली जाते. न्वोये आता म्हातारा झाला आहे. त्याचं नाव आयझॅक, आयुष्य चर्चच्या सेवेत गेलं. त्याचा मुलगा ओबी हा ओकोंक्वोचा नातू. लागोसमधल्या उमुओफियाकरांच्या, म्हणजे त्याच्या गावकऱ्यांच्या, मंडळाने वर्गणी काढून कर्जाऊ दिलेल्या आठशे पौंडांवर तो विलायतेत शिकून आला आणि सरकारी नोकरीत चिकटला. लोकांनी पाठवलं होतं कायदा शिकायला, हा इंग्रजी साहित्य शिकून परतला. त्याला क्लाराशी लग्न करायचं आहे, आणि क्लारा ओसू आहे. जो बाप तरुणपणी परंपरेचा क्रूरपणा सोसवेना म्हणून घर सोडून गेला, तोच ख्रिस्ती बाप आता मुलाला म्हणतो, की हे लग्न होणार नाही. ओसू म्हणजे लोकांच्या मनात महारोगासारखं आहे. देव बदलला, नाव बदललं, प्रार्थना बदलली, आणि ओसू जिथल्या तिथे. चर्चमध्येही आपापली जात घेऊन गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना हे पान ओळखीचं वाटेल. वसाहतीने काय मोडलं याची यादी करताना काय शाबूत ठेवलं याचीही करावी लागते, आणि ती फार सुखाची नसते.

माझ्या मते अचेबे यांची सर्वांत मोठी कादंबरी 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४). उमुआरो हा सहा गावांचा समूह. अबाम टोळ्या रात्री येऊन माणसं उचलून नेत आणि गुलाम म्हणून विकत. या जाचाला कंटाळून सहाही गावं एकत्र आली आणि त्यांनी जाणत्या मांत्रिकांकडून उलू हा देव घडवून घेतला. म्हणजे देव माणसांनी गरजेपोटी केलेला, आणि तसं उघड सांगितलेला. त्याच कादंबरीत लोक एकमेकांना शेजारच्या अनिंटा गावाची आठवण करून देतात. तिथल्या देवाने दगा दिला तेव्हा गावकऱ्यांनी त्याला शिवेवर नेऊन जाळून टाकलं होतं. श्रद्धा आणि हिशोब यांची ही जोडी ज्यांना रानटी वाटली, त्यांना ती कळलीच नाही.

उलूचा पुजारी इझेउलू याच्याकडे काळाचं काम आहे. नवा चंद्र दिसला की त्याने राखून ठेवलेल्या यामांपैकी एक भाजून खायचा. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद, आणि इग्बो मुलखात तेच मुख्य पीक. हे कंद संपत आले की इझेउलू नव्या यामाचा सण जाहीर करतो, आणि त्यानंतरच लोकांनी शेतातलं पीक काढायचं. इकडे इंग्रज साहेब कॅप्टन विंटरबॉटम याला वरून हुकूम आलेला असतो, की गावोगाव प्रमुख नेमा आणि त्यांच्यामार्फत राज्य करा. इग्बो लोकांत बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता, त्याला करणार काय? मग साहेबाने राजे तयार करायचे. जमिनीच्या एका वादात इझेउलू आपल्या लोकांविरुद्ध जाऊन खरं बोलला होता, म्हणून साहेबाची नजर त्याच्यावर. ओक्पेरीच्या सरकारी ठाण्यावर बोलावून त्याच्यापुढे सनद केली जाते. आपण उलू सोडून कोणाचेच प्रमुख नाही, असं सांगून इझेउलू ती नाकारतो. त्याला महिन्याहून अधिक काळ अडकवून ठेवतात. तेवढ्यात दोन चंद्र उगवून जातात आणि दोन कंद खायचे राहतात.

सुटून आल्यावर तो सण जाहीर करायला नकार देतो. दोन कंद शिल्लक आहेत, एका वेळी एकच खायचा, म्हणजे कापणी दोन महिने पुढे. जमिनीत याम कुजू लागतात. गावातले मातब्बर त्याच्याकडे येऊन म्हणतात, ते दोन्ही खाऊन टाक, पाप आमच्या डोक्यावर. इझेउलू ऐकत नाही. देवाने अडवलं की त्याच्या रागाने, हे अचेबे मोकळं ठेवतात, आणि ठेवायलाच हवं होतं. एरवी अशा पेचातून मार्ग निघाला असता. बैठका झाल्या असत्या, शाप दिले-घेतले गेले असते, कदाचित उलूलाही अनिंटाच्या देवाची वाट दाखवली असती. पण या वेळी मिशनचा धर्मोपदेशक गुडकंट्री गावात दारुगोळा भरून तयारच होता. एक याम आमच्या देवाला आणून द्या आणि खुशाल पीक काढा, असं तो जाहीर करतो. भुकेली माणसं मुलांच्या हाती याम देऊन त्यांना चर्चला पाठवतात आणि त्या मुलांच्या नावाने शेत काढतात. विंटरबॉटमने देऊळ पाडलं नाही की मूर्ती फोडली नाही. त्याने एका म्हाताऱ्याला फक्त दोन चंद्र कामावर जाऊ दिलं नाही.

केनियात हाच पेच बायकांच्या शरीरावर येऊन उभा राहिला. १९२९ च्या सुमारास चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनने गिकुयु ख्रिश्चनांकडून मुलींची सुंता सोडण्याची शपथ मागितली. उत्तरादाखल लोकांनी मिशनच्या शाळांतून मुलं काढली आणि स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. गूगी वा थिओंगो यांचं लहानपणचं शिक्षण अशाच एका शाळेत झालं. १९५२ मध्ये आणीबाणी आल्यावर सरकारने त्या शाळा बंद केल्या किंवा ताब्यात घेतल्या. 'द रिव्हर बिट्वीन' (१९६५) या कादंबरीत धर्मांतरित जोशुआची मुलगी मुथोनी घरातून पळून जाऊन सुंता करून घेते. तिला ख्रिस्ती राहायचं आहे आणि गिकुयु बाईही व्हायचं आहे. जखम चिघळते आणि ती मरते. होनिया नदीच्या दोन्ही काठांवरच्या टेकड्या आपापल्या सोयीने तिच्या मरणाचा अर्थ लावतात. एकीला त्यात सैतान दिसतो, दुसरीला मिशनचं विष.

हे वाचताना मला १८९१ आठवल्याशिवाय राहत नाही. संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध होता; आमच्या सुधारणा आम्ही करू, परक्या सरकारने कायदा करून त्या लादू नयेत, असं त्यांचं म्हणणं. ते तत्त्व म्हणून चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही. पण वय दहावरून बारा करायचं होतं, आणि ज्यांच्याबद्दल चाललं होतं त्या मुलींचा आवाज त्या सगळ्या गदारोळात शोधावा लागतो. गूगींचं मोठेपण हे, की त्यांनी निदान मुथोनीला बोलू दिलं, आणि कोणत्याही टेकडीच्या हवाली केलं नाही. कादंबरी म्हणून मात्र ही थोडी कच्ची आहे. नायक वाइयाकीला शाळा, प्रेम आणि प्रेषितपण हे तिन्ही एकदम पेलत नाही, आणि लेखकालाही.

बायकांनी लिहायला घेतल्यावर हा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागला. खुद्द इग्बो मुलखात १९२९ मध्ये इंग्रजांनी नेमलेल्या सनदी प्रमुखांविरुद्ध हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. गोळीबारात पन्नासहून अधिक मेल्या, आणि त्यानंतर सरकारला ती व्यवस्था गुंडाळावी लागली. बाजार, शेती, एखाद्या मग्रूर पुरुषाच्या दारात जमावाने बसून त्याची अब्रू काढणं, ही बायकांची ताकद वसाहतीच्या कागदावर कुठेच नव्हती. अचेबे यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांतही ती कोपऱ्यातच दिसते. फ्लोरा न्वापा यांची 'एफुरु' १९६६ मध्ये आली, बुची इमेचेटा यांची 'द जॉइज ऑफ मदरहुड' १९७९ मध्ये. इमेचेटांची न्नू एगो ही शिकारी सरदाराची लेक. तिचं पाठराखं दैवत, ज्याला 'ची' म्हणतात ते, म्हणजे बापाच्या घरची एक गुलाम मुलगी. मालकिणीच्या अंत्यविधीत त्या मुलीला जबरदस्तीने जिवंत पुरलं होतं. म्हणजे परंपरेनेच मारलेली मुलगी या बाईच्या नशिबावर बसलेली आहे. लागोसला येऊन न्नू एगो बघते तर नवरा गोऱ्यांकडे धोबी, मडमेचे आतले कपडेसुद्धा धुतो. गावातल्या मापाने हा पुरुष नाही, शहराच्या मापाने हा नोकर, आणि तिने मात्र गावच्याच मापाची बायको व्हायचं. तिथे आई होणं म्हणजे शेतावर हात वाढणं. इथे आई होणं म्हणजे फी. मुलं मोठी होऊन अमेरिका-कॅनडाला जातात. शेवट मी सांगत नाही.

सित्सी डांगारेम्ब्गा यांच्या 'नर्व्हस कंडिशन्स'मध्ये (१९८८) असा एक प्रसंग आहे की हसावं की चिडावं कळत नाही. जागा ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिम्बाब्वे, काळ १९६०चं दशक. घरात एकामागून एक संकटं येतात, तेव्हा नायिका तांबूचा बाप सुचवतो की मांत्रिकाला बोलावून शुद्धी करून घेऊ. विलायतेत शिकून आलेले आणि मिशनच्या शाळेत मुख्याध्यापक असलेले मोठे काका, बाबामुकुरू, खवळतात. त्यांच्या मते दोष भलताच आहे: तांबूच्या आईबापांचं चर्चमध्ये लग्नच झालेलं नाही. मग वाढलेल्या मुलांदेखत त्या दोघांचं पांढऱ्या पोशाखात लग्न लावायचं ठरतं. लग्नाच्या दिवशी सकाळी तांबूला अंथरुणातून उठताच येत नाही. हातपाय आपले नाहीतच असं तिला वाटतं. शिक्षा म्हणून फटके आणि घरकाम. इथे लक्षात घ्यायचं ते हे, की काकांचा अधिकार संपूर्णपणे पारंपरिक आहे. मोठ्या भावाचा शब्द म्हणजे शब्द, हे शोना कुटुंबातलं मूल्य शाबूत राहिलं म्हणूनच मिशनचं लग्न घरात घुसू शकलं. नवं आणि जुनं इथे भांडत नाहीत, हातमिळवणी करतात, आणि दोन्हींचा भार पोरींवर येतो. काकू माइगुरूही एमए आहे, पण तिच्या पगाराचं काय होतं हे घरात कोणी विचारत नाही.

सेनेगलचे शेख हमिदू कान यांची 'लाव्हांतूर अंबिग्यू' (१९६१) या सगळ्यांत वेगळी, जवळजवळ तत्त्वचर्चाच. तिथे 'परंपरा' म्हणजे इस्लाम, हे आपण विसरतो. पश्चिम आफ्रिकेत तो कित्येक शतकं मुरलेला आहे. मुलांना फ्रेंच शाळेत घालायचं की नाही, यावर तिथला समाज रीतसर सभा भरवतो, आणि सरदाराची बहीण पहिल्याने पुढे येऊन घाला म्हणते, नुकसान होणार हे पुरतं कळूनही. वसाहतीच्या दडपणाखालीही निर्णय आपण घ्यायचा ही तिची जिद्द मला फार महत्त्वाची वाटते, जरी तो निर्णय पुढे सांबा दियालो या मुलाच्या जिवावर बेतला तरी.

भाषेच्या वादाबद्दल या पुस्तकात स्वतंत्र लेख आहे, म्हणून दोनच वाक्यं. १९७७ मध्ये कामिरीथू गावात शेतमजुरांना घेऊन गिकुयु नाटक केल्यावर गूगींना स्वतंत्र केनियाच्या सरकारने विनाचौकशी तुरुंगात टाकलं, आणि तिथे त्यांनी संडासच्या कागदावर गिकुयुतली पहिली कादंबरी लिहिली. इंग्रजीत त्यांनी याहून जहाल लिहिलं होतं, तेव्हा कोणी आत टाकलं नव्हतं.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी सांगेन: 'थिंग्ज फॉल अपार्ट' संपली की मध्ये काही न वाचता 'नो लाँगर ॲट ईझ' घ्या, म्हणजे आजोबा आणि नातू लागोपाठ भेटतात. इमेचेटा आणि डांगारेम्ब्गा कोणत्याही क्रमाने चालतील. 'ॲरो ऑफ गॉड' मात्र सवडीने वाचा. तिची पहिली काही प्रकरणं कंटाळवाणी वाटतील, कारण त्यांत माणसं कोलाचं फळ फोडतात, ताडी पितात आणि जमिनीपासून देवापर्यंत सगळ्यावर वाद घालत बसतात. ती बडबड गाळून पुढे उडी मारलीत, तर ओक्पेरीच्या कोठडीनंतर उमुआरोत काय बंद पडलं ते कळायचं नाही.